बाराव्या घरातला लाल

सारिकाला खोड एकच होती, पण दहा खोडींना पुरून उरेल अशी. सांगितलेलं काम सांगितलं तेवढंच करून द्यायचं, हे तिला जन्मात जमलं नाही. गिऱ्हाईक म्हणालं साधी पाटी करा, की हिच्या डोक्यात किडा वळवळलाच म्हणून समजा. कामशेतच्या बाजारपेठेत तिचं रेडियम आणि ॲक्रिलिकचं दुकान. गाड्यांच्या नंबरप्लेटी, बंगल्यांच्या नावाच्या पाट्या, बैलगाडा शर्यतीच्या ट्रॉफ्या, दारावरची लुकलुकणारी नावं, सगळं ती स्वतःच्या हातानं कापायची, घासायची आणि उजळवायची. हाताला तोड नाही. डोकं मात्र गिऱ्हाइकाच्या दोन पावलं पुढं चालायचं आणि सगळे घोटाळे त्या दोन पावलांतच व्हायचे.

मागं एकदा खंडाळ्याच्या एका बंगलेवाल्यानं 'कुत्र्यापासून सावध' अशी पाटी सांगितली. आता यात काय अवघड आहे सांगा. पण सारिका आधी बंगल्यावर जाऊन कुत्रा बघून आली. तो गरीब बिचारा शेपटी हलवत तिच्या पायाशी लोळला. मग हिनं पाटीवर तोच कुत्रा कोरला, हुबेहूब, लोळणारा. बंगलेवाला डोकं धरून बसला. "अहो बाई, हे बघून चोर बिस्किटाचा पुडा घेऊन येतील!" सारिका म्हणाली, "मग खोटा कुत्रा काढायचा का?"

तिचा नवरा कैलास आंदर मावळातला, शाळेची व्हॅन चालवणारा, शांत माणूस. तो तिला कायम सांगायचा, "अगं, जेवढं सांगितलंय तेवढं कर की. लोकांनी भात मागितला तर बिर्याणी कशापायी वाढतीस?"

"बिर्याणी वाईट असते का?"

"वाईट न्हाई. पण ज्याला पथ्य हाय त्यानं काय करायचं?"

यावर सारिका पॉलिश पेपर घेऊन काहीतरी खसाखसा घासायला बसायची.

तर अशा या बाईच्या दुकानात डिसेंबरातल्या एका सकाळी प्रदीपकाका आले. काका लोणावळ्याचे. चौतीस वर्षं रेल्वेच्या इंजिनावर काढलेली. आधी मालगाडी, मग घाटात गाड्यांना मागून रेटणारं इंजिन, शेवटी प्रवासी गाड्या. रिटायर होऊन आठ वर्षं झाली, तरी शर्टाची इस्त्री आणि मनगटावरचं घड्याळ अजून ड्यूटीवरच होतं. पाठीला काळ्या पिशवीत गिटार.

"जयभीम, सारिका."

"जयभीम काका, या, बसा. चहा सांगते."

"आधी पाणी दे. लोकलवर कोण पोरगं होतं कुणास ठाऊक, मळवलीला असा ब्रेक मारला की समोरच्या बाईची मेथीची जुडी माझ्या मांडीवर. आम्ही ब्रेक मारायचो तर कपातला चहा हलायचा नाही."

दोन वर्षांपूर्वी काकांच्या दाराची पाटी सारिकानंच केली होती. त्यावर दोन नावं होती, लीला आणि प्रदीप. त्यातल्या लीलाकाकूंना जाऊन दीड वर्ष झालं होतं. सारिका तेव्हा भेटून आली होती. आता काकांनी तो विषय काढला नाही, म्हणून तिनंही काढला नाही.

काकांनी गिटार काढून काउंटरवर आडवी ठेवली. तिच्या लांब मानेवर काळसर लाकडाची पट्टी होती आणि पट्टीवर पितळी आडव्या काड्या. दोन काड्यांमधल्या जागेला काका घर म्हणायचे. तिसऱ्या, पाचव्या, सातव्या, नवव्या आणि बाराव्या घरात शिंपल्याचे पांढरे ठिपके होते. हात कुठं चाललाय हे वाजवणाऱ्याला कळावं म्हणून असतात ते.

"या ठिपक्यांच्या जागी दिवे पाहिजेत," काका म्हणाले. "पुढच्या रविवारच्या पुढचा रविवार. आमच्या रिटायर लोकांचा स्नेहमेळावा आहे, लोणावळ्यात. हॉलमध्ये अंधार करतात. मागच्या वर्षी वाजवत वाजवत बाराव्या घरापाशी आलो आणि थांबलो. थांबलो तो थांबलोच. काही दिसेना."

"मग?"

"मग काय! लोकांनी टाळ्या वाजवल्या. सांत्वनाच्या टाळ्या कळतात गं माणसाला. डोळ्यांचं ऑपरेशन झालंय, डॉक्टर म्हणतो नजर पोरासारखी आहे. पण दिसलं नाही म्हणजे नाही." काकांनी घड्याळाकडं उगाच बघितलं. "यंदा परत तिथं थांबलो ना, तर ही गिटार माळ्यावर जाणार. कायमची. कीव घ्यायला मी स्टेजवर चढत नाही."

सारिकानं वही पुढं ओढली. "काका, तुम्ही बिनघोर राहा. असे दिवे बसवते की आंधळा वाजवेल."

"साधे पांढरे बसव. दिसले म्हणजे झालं."

"साधे पांढरे," असं म्हणत सारिकानं वहीत लिहूनसुद्धा घेतलं. आणि लिहिता लिहिताच किडा वळवळला. चौतीस वर्षं इंजिनावर काढलेला माणूस, आणि त्याला पांढरे ठिपके? काय इज्जत राहिली मग रेल्वेची!

काम मात्र सोपं नव्हतं हं. दिवे बसवायचे म्हणजे खालून वायरी न्यायच्या, आणि वायरी न्यायच्या म्हणजे मानेवरची पट्टी उखडायची. तिनं तारा काढल्या, पट्टीवर ओलं फडकं ठेवलं आणि घरच्या इस्त्रीनं शेक दिला. जुना सरस सैल झाल्यावर पातळ सुरी घालून इंच इंच पट्टी सुटी केली. ती पूर्ण सुटली तेव्हा सारिकाच्या कपाळावर घाम होता. कैलास दाराशी उभा होता, तो म्हणाला, "मोडलीस व्हय गं?" तिनं त्याच्याकडं असं बघितलं की तो व्हॅन पुसायला निघून गेला.

शिंपल्याचे ठिपके तिनं कापसात गुंडाळून डबीत ठेवले. त्यांच्या जागी आरपार भोकं पाडली. पट्टीच्या पोटात केसाएवढ्या वायरींसाठी चर खणला आणि प्रत्येक भोकाखाली तांदळाच्या दाण्याहून लहान दिवा डकवला. वर ॲक्रिलिकच्या चकत्या बसवायच्या होत्या, आणि इथंच ती पांढऱ्यावरून घसरली. चकत्यांचे रंग ठरवायला ती दोन दिवस कामशेत स्टेशनच्या फलाटाच्या टोकाला वही घेऊन उभी राहिली. कुठला सिग्नल कधी लागतो, कुठल्याच्या आधी कुठला येतो, सगळं टिपून घेतलं. रेल्वेच्या पोलिसानं येऊन विचारलंसुद्धा, की बाई, तुम्ही काय करताय? ही म्हणाली, "गिटार."

शेवटी असं ठरलं: तिसऱ्या आणि पाचव्या घरात हिरवा. सातव्यात दोन पिवळे, कारण पुढं जपून यायची सूचना आधी दोन पिवळे देतात. नवव्यात एक पिवळा. आणि बाराव्यात, जिथं काकांचा हात चुकायचा, तिथं सगळ्यात मोठा, टपोरा लाल. ट्रकच्या मागच्या दिव्याला वापरतात त्या लाल शीटमधला. तो दिसणार नाही असं म्हणायची कुणाची टाप होती?

चकत्यांच्या कडांना तिनं काळा रंग दिला, नाहीतर उजेड बाजूच्या लाकडात झिरपून ठिपका फिसकटलेला दिसतो. चकत्या मुद्दाम जरा उंच ठेवल्या, चिकटवल्या, दोन दिवस हात लावला नाही. मग कानशीनं आणि पॉलिश पेपरनं घासत घासत पट्टीच्या गोलाईबरोबर आणल्या. डोळे मिटून बोट फिरवलं तर लाकूड कुठं संपलं आणि ॲक्रिलिक कुठं सुरू झालं ते कळत नव्हतं. पट्टी परत चिकटली, तारा चढल्या, बॅटरी पोटात गेली. तिनं बटण दाबलं आणि स्वतःवरच खूश होऊन एकटीच हसली. असलं काम पुण्यामुंबईत तरी कोण करतं, असं तिला वाटलं, आणि खरं सांगायचं तर ते चुकीचंही नव्हतं.

मेळाव्याच्या आदल्या शुक्रवारी दुपारी काका आले. सारिकानं शटर अर्धं ओढलं, बटण दाबलं आणि गिटार त्यांच्या मांडीवर ठेवली.

काका बघतच राहिले. बोटानं एकेक दिवा मोजला. "हिरवा, हिरवा, डबल यलो... अगं, डबल यलोसुद्धा! मग यलो, मग..." त्यांचा चष्मा ओलावला. "पोरी, क्रम अगदी बरोबर आहे. तुला कुणी शिकवलं?"

"बघून आले स्टेशनावर. वाजवा की आता."

काकांनी वाजवायला घेतलं. ड्यूटीचं गाणं म्हणायचे त्याला. खालच्या घरांतून धडधड धडधड करत घाट चढणाऱ्या इंजिनासारखं निघायचं. हिरवे दोन्ही मागं पडले. डबल पिवळ्यावर काकांनी आपसूक लय थोडी कमी केली. पिवळ्यावर आणखी कमी. आणि बाराव्या घराच्या तोंडाशी येऊन हात थांबला.

"काय झालं काका?"

"काही नाही. परत घेतो."

परत निघाले, परत चढले, परत तिथंच थांबले. तिसऱ्यांदाही तेच. सारिका गिटारीवर वाकली. "तार अडतेय का? घासायचं राहिलं का कुठं?"

"नाही, नाही. काम एक नंबर आहे."

"मग?"

काका अवघडून म्हणाले, "लाल आहे गं."

"लालच आहे. मुद्दाम केलाय लाल."

"तेच तर. हात पुढं जात नाही."

सारिकाला आधी वाटलं थट्टा करतायत. पण काकांचा चेहरा थट्टेचा नव्हता. "चौतीस वर्षांत एकदाही लाल ओलांडला नाही मी," ते म्हणाले. "एक चाक जरी पुढं गेलं असतं तरी नोकरी गेली असती. नोकरीचं सोड, माणसं गेली असती. हा दिवा तू बसवलायस हे डोक्याला कळतंय. हाताला कोण सांगणार?"

"मी सांगते हाताला!" सारिका तडकली. स्वतःवर चिडली होती, पण चिडायला समोर काका होते. तिनं ड्रॉवरमधून काळी टेप काढली, टर्रकन तुकडा फाडला आणि लाल चकतीवर चिकटवला. "घ्या. गेला लाल. वाजवा आता."

काकांनी टेपकडं बघितलं आणि मान हलवली. "सिग्नलचा दिवा विझलेला दिसला तर तो लालच धरायचा."

"हा कुठला नियम?"

"रेल्वेचा. दिवा गेला म्हणजे धोका गेला असं नसतं. उलट जास्तच सांभाळायचं."

"मग सगळेच दिवे विझवते!"

"मग तर गाडी स्टेशनातूनच निघणार नाही."

सारिकानं कपाळावर हात मारून घेतला. व्हॅन लावून आलेला कैलास शटरखालून वाकून आत आला होता. त्यानं सगळं ऐकलं आणि एवढंच म्हणाला, "पांढरे सांगितलेते ना गं?" जखमेवर मीठ चोळायची या माणसाला फार हौस.

"काढतेच हा लाल, मुळासकट," असं म्हणत सारिकानं ड्रिल हातात घेतलं. पण चकती काढायची, नवी बसवायची, ती वाळायची, घासायची, म्हणजे निदान तीन दिवस. आणि मेळावा परवा. घाईत ड्रिल निसटलं तर मानच चिरायची. हे सगळं तिला माहीत होतं, तरी तिनं ड्रिल टेकवलं. तेवढ्यात काकांनी बाराव्या घरावर पंजा ठेवला.

"नको. राहू दे. लाल बरोबर जागी लागलाय."

"बरोबर जागी कसला! तुम्ही थांबताय त्याच्यामुळं."

"त्याच्यामुळं नाही गं. मी तिथं आधीपासूनच थांबतोय."

काकांनी गिटार बाजूला ठेवली आणि कैलासनं पुढं केलेला चहाचा कप नुसता हातात धरून बसले. "हे गाणं लीलानं जुळवलं. लग्नाला दोन-तीन वर्षं झाली असतील. माझ्यावर चिडून जुळवलं. रात्री नवाला येतो म्हणून निघायचो आणि दुसऱ्या दिवशी दुपारी उगवायचो. या गाण्यात मी गिटारीवर घाट चढत चढत बाराव्या घरापर्यंत यायचो आणि तिथं थांबायचो. पुढचं ती एकटी गायची, कमरेवर हात ठेवून. 'डबा निवला, वरण निवलं, चूल निवली, मी निवले न्हाई.' अख्खा हॉल हसायचा. तिच्या ओळी झाल्या की मग मी खाली उतरायचो. नोकरीत असल्यापासून रेल्वेचे सत्तावीस मेळावे केले आम्ही असे."

सारिकानं ड्रिल खाली ठेवलं.

"मागच्या वर्षी तिथं पोचलो आणि सवयीनं थांबलो," काका म्हणाले. "आता ही सुरू करेल म्हणून. लोकांना सांगितलं, दिसलं नाही. तुलाही तेच सांगितलं. आणि स्वतःलाही तेच सांगत होतो की."

सारिकाला रडू फुटलं. तिनं ते लपवलं वगैरे काही नाही, ओढणीला नाक पुसत सरळ रडली. कैलास तिकडं भिंतीवरच्या नंबरप्लेटी वाचत उभा राहिला.

"मग काकूंच्या ओळी तुम्हीच वाजवा की," थोड्या वेळानं ती म्हणाली.

"घरी वाजवतो. खालच्या घरांत, हळूच. पण लोकांसमोर, तिच्या जागेवरून पुढं जायचं म्हणजे... लाल कधी असतो माहितीये का? पुढं लाईनीवर कुणीतरी असतं म्हणून असतो. मोकळं असतं तर हिरवा नसता का मिळाला?"

"मग गाडी काय जन्मभर हितंच उभी करायची?" सारिका रडता रडताच ओरडली.

रेल्वेबद्दल कुणी चुकीचं बोललेलं काकांना सहन होत नसे, अगदी अशा वेळीसुद्धा. "जन्मभर नाही," ते जरा चिडूनच म्हणाले. "तसं नसतं काही. ऑटोमॅटिक सिग्नल, म्हणजे माणसाशिवाय आपोआप बदलणारा, असला तर लाल असूनही जाता येतं."

"काय?"

"आधी थांबायचं. दिवसा एक मिनिट, रात्री दोन मिनिटं, पूर्ण. मग लांब शिट्टी द्यायची आणि हळूहळू निघायचं. पुढं कुणीतरी आहे हे धरूनच जायचं. दिसलं की थांबता यावं इतकं हळू."

"आणि सिग्नल ऑटोमॅटिक आहे हे डायव्हरला कळतं कसं?"

"खांबावर पाटी असते. पांढरी, गोल. तिच्यावर काळं इंग्रजी ए अक्षर."

सारिकानं दुकानभर नजर फिरवली. तिन्ही भिंतींवर छतापर्यंत पाट्या लटकलेल्या होत्या, गोल, चौकोनी, पानाच्या आकाराच्या, देवाच्या, डॉक्टरच्या, वकिलाच्या.

"काका," सारिका म्हणाली, "तुम्ही कुठल्या दुकानात बसलाय?"

बशीएवढी पांढरी चकती कापायला तिला चार मिनिटं लागली. काळं अक्षर कापायला दोन. मध्ये तिनं मान वर करून विचारलं, "अक्षर केवढं? जाडी केवढी? कडेला काही?"

"कडेला काही नाही. साधी."

"साधी," ती म्हणाली, आणि आयुष्यात पहिल्यांदा तिनं सांगितली तेवढीच पाटी केली. ना फूल, ना चमकी. कैलास डोळे फाडून बघत राहिला.

"आता वाजवून बघा," ती म्हणाली.

"इथं?" काका म्हणाले. "पाटी खांबावर पाहिजे. दुकानात कुठला आला खांब? स्टेजवर माइकचा खांब असतो, त्याला बांधू." आणि गिटार पाठीला लावून, पाटी छातीशी धरून ते पाचच्या लोकलला गेले. म्हणजे जमतंय की नाही हे कुणालाच कळलं नाही. त्या दोन दिवसांत सारिकानं चार नंबरप्लेटींवर चुकीचे आकडे चिकटवले.

रविवारी संध्याकाळी ती आणि कैलास हॉलमध्ये पाचव्या रांगेत बसले होते. सगळीकडं रिटायर माणसं, खांद्यावर सत्काराच्या शाली, शेजारी त्यांच्या बायका. कुणी डायव्हर, कुणी गार्ड, कुणी स्टेशनमास्तर. काकांचा नंबर यायला साडेसात वाजले. सारिकानं स्टेजवर जाऊन पाटी माइकच्या खांबाला स्वतः बांधली, आणि बांधता बांधता कुजबुजली, "काका, एकच मिनिट थांबा हं. संध्याकाळच आहे अजून."

"सूर्य मावळला की रात्र," काका म्हणाले. "दोन मिनिटं."

"अहो, लोक उठून जातील!"

"जाऊ देत. नियम बदलत नाही."

दिवे मालवले. अंधारात गिटारीची मान तेवढी उजळली. हॉलमधून "वा!" आलं. काका निघाले, धडधड धडधड, हिरवा, हिरवा. "डबल यलो!" पुढच्या रांगेतून कुणीतरी पोरासारखं ओरडलं आणि हशा पिकला. पिवळा आला, लय उतरली. लाल आला. हात थांबला.

सारिकाला वाटलं, आता जमीन दुभंगावी आणि आपण दुकानासकट आत जावं. एक सेकंद, दोन सेकंद, दहा सेकंद. मागच्या वर्षीची आठवण सगळ्यांनाच असणार, कारण कडेच्या दोघा-तिघांनी टाळ्या वाजवायला हात उचलले. त्याच सांत्वनाच्या टाळ्या. सारिका उठून ओरडणारच होती. तेवढ्यात पुढच्या रांगेतले एक म्हातारेबुवा मागं वळून खेकसले, "ए, थांबा! पाटी बघा!"

गिटारीच्या उजेडात लोकांनी पाटी बघितली. उचललेले हात खाली आले. आणि मग सारिकानं जे बघितलं ते ती अजून सांगते. त्या अख्ख्या हॉलमधल्या माणसांनी, एकही शब्द न बोलता, मनगटावरची घड्याळं डोळ्यांपाशी नेली. ज्यांच्याकडं घड्याळ नव्हतं ते शेजाऱ्याच्या घड्याळात डोकावले. चाळीसेक रिटायर माणसं काकांबरोबर सिग्नलला उभी राहिली.

दोन मिनिटं म्हणजे किती असतात हे तुम्ही घड्याळ लावून बघा एकदा. कैलास हळूच म्हणाला, "लय असत्यात गं दोन मिनिटं." सारिकानं त्याचा हात इतका आवळला होता की बोटं पांढरी पडली.

मग काकांनी माइकपाशी तोंड नेलं आणि तोंडानंच लांब शिट्टी दिली. पण निघाले नाहीत. हॉलच्या मागच्या टोकाकडं बघत राहिले. सारिकाला काही कळेना. "आता काय राहिलं?"

"गार्ड," शेजारचे गृहस्थ म्हणाले. "गार्डनं दिवा दाखवल्याशिवाय कसा निघेल?"

शेवटच्या रांगेतून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. बाजीराव नावाचे ऐंशीच्या घरातले एक गार्ड काठी टेकत उभे राहिले. त्यांनी मोबाईलचा टॉर्च लावला, सत्काराच्या हिरव्या शालीचं टोक त्यावर धरलं आणि हात उंच करून दिवा डावीकडून उजवीकडं हलवला.

काकांचा हात लालच्या पुढं गेला. फार हळू. एकेक सूर असा, की पुढं कुणीतरी उभं आहे आणि त्याला धक्का लागता कामा नये. लीलाकाकूंच्या ओळी सगळ्यांना पाठ होत्या, पण एकानंही तोंड उघडलं नाही. डायव्हरांच्या बायकांनी पदर डोळ्यांना लावले. काकांनी त्या ओळी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवल्या, एकही न गाळता, आणि मग घाट उतरावा तसे खाली उतरून थांबले.

टाळ्या वाजायच्या आधी त्यांनी सवयीनं घड्याळ बघितलं. "सहा मिनिटं लेट," ते म्हणाले. मग मान खाली घालून, लोकांना ऐकू जाणार नाही अशा बेतानं, अगदी हळू म्हणाले, "पण आलो गं."

माइक चालूच होता, त्यामुळं ते सगळ्या हॉलनं ऐकलं.